घरचा कॉम्प्युटर रुसतो तेव्हा

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि त्याच आठवड्यात दिवाळी आली. सुट्टीला हुबळी-पुण्याहून घरी आलेल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या हाती घरोघरचे जुने कॉम्प्युटर लागले. नवा घ्यायचा तर खर्च मोठा, आणि जुना टाकून द्यायला आपल्याकडची माणसे तयार नसतात. मग मधला मार्ग निघतो: जुनी, घरघरणारी हार्डडिस्क काढायची आणि तिच्या जागी एसएसडी बसवायची. मार्ग चांगला आहे, हे आधीच सांगते. दहा वर्षांच्या जुन्या यंत्राला एवढ्या कमी पैशांत एवढा वेग दुसऱ्या कशाने मिळत नाही. हार्डडिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असते आणि एक बारीक हात तिच्यावरून सरकत माहिती शोधत असतो. एसएसडीमध्ये हलणारे काहीच नाही, सगळे चिपमध्ये. म्हणून चार मिनिटे चालणारे ‘सुरू होतंय, थांबा’ अर्ध्या मिनिटावर येते.

पण दिवाळीनंतर मला जे फोन आले, ते वेग वाढल्याचे नव्हते. ‘नवी डिस्क बसवली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना’ असे ते होते. मी कॉलेजात इतिहास शिकवते. कॉम्प्युटर हा माझा विषय नाही. पण आमच्या विभागाचा पहिला असेंबल्ड कॉम्प्युटर ज्या काळी आला, तेव्हा तो उघडायला कोणी धजेना, म्हणून मी उघडू लागले आणि ती सवय राहिली. नात्यागोत्यात आता ‘वहिनींना विचारा’ असे होऊन बसले आहे.

फोनवर पहिला प्रश्न मी एकच विचारते. सुरू होत नाही म्हणजे नेमके काय होते? पोटात दुखते म्हटल्यावर डॉक्टर जसे कुठे, केव्हापासून, जेवणाआधी की नंतर, हे विचारतात, तसेच हे आहे. बटण दाबल्यावर काहीच हालचाल नाही, ही एक गोष्ट. पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो, ही अगदी वेगळी. पंखे चालू राहतात पण पडदा काळा, ही तिसरी. पडद्यावर कंपनीचे चित्र येते आणि मग काळ्या पाटीवर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते, ही चौथी. आणि विंडोज सुरू व्हायला लागून मध्येच निळा पडदा येतो, ही पाचवी. घरातली माणसे या पाचांनाही ‘बंद पडलाय’ म्हणतात. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र पहिल्या आणि पाचव्यात खानापूर आणि विजापूर यांच्याइतके अंतर आहे. चौथीत आणि पाचवीत यंत्र ठणठणीत असते, फक्त त्याला आपले सामान कुठे ठेवले आहे ते कळत नसते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पहिल्या तिन्हींत विजेचा किंवा जोडणीचा प्रश्न असतो, आणि तिथे पुन्हा पुन्हा बटण दाबत बसणे हे सर्वांत वाईट.

हे ‘पुन्हा पुन्हा दाबू नका’ मी एवढे ठासून का सांगते, ते माझ्या नणंदेच्या घरच्या गोष्टीवरून कळेल.

नणंद वडगावात असते. घरात मागचे माग आणि पुढे दुकान, अशी जुनी रचना. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिच्या सासूबाई, ज्यांना सारे घर अव्वा म्हणायचे, बैलहोंगलकडच्या. माहेरची कन्नड, सासरची मराठी, आणि साठ वर्षांच्या संसारात दोन्ही भाषा अशा एकजीव झालेल्या, की भाजीवाल्याशी सुरुवात मराठीत आणि घासाघीस कन्नडमध्ये. जात्यावरच्या ओव्या त्यांना दोन्हीकडच्या येत: सासरी शिकलेल्या मराठी ओव्या आणि माहेरून आणलेली बीसोकल्लिन पदे. आमच्या भाऊजींनी २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत, अव्वा बऱ्या होत्या तोवर, त्या सगळ्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून कॉम्प्युटरवर घातल्या. २०२१ मध्ये अव्वा गेल्या. मोबाईल तर त्याच्या आधीच गेला होता. म्हणजे अव्वांचा आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते ठिकाण म्हणजे २०१४ मध्ये असेंबल केलेल्या एका कॉम्प्युटरमधली पाचशे जीबीची हार्डडिस्क.

भाचा हुशार आहे. दिवाळीत त्याने एसएसडी आणली. सोबत हॉस्टेलमधल्या मित्राकडून एक जुना पण चांगला, जास्त ताकदीचा एसएमपीएस आणला, कारण मूळचा कुरकुरत होता. बेत असा, की दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडायच्या, जुनीवरचे सगळे नवीवर उतरवायचे, आणि मग जुनी बाजूला ठेवायची. बेतात काही चूक नव्हती. सगळे जोडून त्याने बटण दाबले. पंखा हलला आणि थांबला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच.

मला फोन आला तो रात्री साडेनऊला. “मामी, पंखा एक गरका मारतोय आणि थांबायलाय बघा. काय करू?” मी म्हटले, आता काही करू नकोस, मागची पिन काढ आणि झोप. मागून अक्काचा आवाज येत होता, “एनागेती? एनागेती?” आणि भाऊजी काहीच बोलत नव्हते, ते मला जास्त जाणवले.

पंखा गरका मारून थांबतो, याचा अर्थ एसएमपीएस मेलेला नाही. उलट तो शहाणपणा करतो आहे. त्याने वीज सोडली, पुढे कुठेतरी तार थेट तारेला भिडल्यासारखा भार दिसला, आणि जाळ होण्याआधी त्याने स्वतःला बंद करून घेतले. घरातला एमसीबी खाली पडतो तसे. एमसीबी पडल्यावर आपण काय करतो? घरातली सगळी बटणे बंद करतो आणि एकेक लावून बघतो. इथेही तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. मागची पिन काढलेली होतीच; पुढचे बटण दहा सेकंद दाबून धरले, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. हात कॅबिनेटच्या लोखंडाला लावून घेतला. मग डिस्क, डीव्हीडी, समोरच्या यूएसबीच्या वायरी, सगळे सोडवले. राहिले मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम. बटण दाबले, पंखा फिरत राहिला, पडद्यावर चित्र आले. नवी एसएसडी जोडली, तरी चालू. म्हणजे संशय जुन्या हार्डडिस्कवर किंवा तिच्या विजेच्या वायरीवर.

आणि ती वायर हातात घेतल्यावर गोष्ट उलगडली. हे जरा नीट सांगते, कारण असेंबल्ड कॉम्प्युटर असलेल्या प्रत्येक घराला हे ठाऊक हवे आणि दुकानात कोणी सांगत नाही.

आपल्याकडच्या साध्या एसएमपीएसमधून सगळ्या वायरी कायमच्या बाहेर आलेल्या असतात. महागातल्या एसएमपीएसला मात्र काही वायरी काढता-घालता येतात. त्यांना मॉड्युलर म्हणतात. या वायरीचे डिस्ककडचे टोक जगभर एकसारखे असते, नियमाने ठरलेले. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र असा कोणताही नियम नाही. कोणत्या भोकात १२ व्होल्ट आणि कोणत्यात ५, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. प्लग मात्र बहुतेक वेळा बसतो. मित्राने एसएमपीएससोबत वायरींची जी पिशवी दिली होती, तिच्यात दुसऱ्याच कुठल्या एसएमपीएसची वायर मिसळलेली होती. एसएमपीएसची स्वतःची वायर एसएसडीपर्यंत पोचली, खालच्या खणातल्या हार्डडिस्कपर्यंत पोचेना, म्हणून पिशवीतली दुसरी लावली गेली. टोकावर छापलेले नाव वेगळे होते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले.

भाचा पांढराफटक पडला. त्याला मी एवढेच म्हटले, की पोरा, प्लग बसतो म्हणजे तो बरोबर आहे असे कोणालाही वाटणारच. ही त्या कंपन्यांची हयगय आहे. माझे आजही तेच मत आहे. चार्जरच्या टोकांवरून एवढे कायदे झाले, पण ही वायर अजून मोकाट आहे.

भाऊजी डिस्क घेऊन एका दुकानात गेले. तिथल्याने ती जोडून बघितली, पंखा थांबला, आणि “डिस्क गेली, होगली बिड्री” म्हणून परत दिली. मोठ्या शहरातल्या डेटा काढून देणाऱ्यांचा खर्च त्याने जो सांगितला, तो ऐकून भाऊजींनी परत येताना मला फोनही केला नाही.

आता इथे थोडे डिस्कच्या पोटातले सांगायला हवे. साडेतीन इंची हार्डडिस्कच्या खालच्या बाजूला हिरवी किंवा निळी पट्टी असते, तो तिचा बोर्ड. वीज जिथून आत येते, तिथे जवळच दोन छोटे काळे तुकडे बहुतेक डिस्कवर असतात. एक ५ व्होल्टच्या वाटेवर, एक १२ च्या. त्यांना टीव्हीएस डायोड म्हणतात. त्यांचे काम गावच्या वेशीवरच्या राखणदारासारखे. ठरल्यापेक्षा जास्त व्होल्टेज आले की ते स्वतः जळून वाट जमिनीला जोडून टाकतात, म्हणजे पुढच्या नाजूक चिपपर्यंत तडाखा पोचत नाही. राखणदार मरून वेशीत आडवा पडतो, म्हणून नंतर योग्य वीज दिली तरी तीही आत जात नाही, थेट जमिनीला भिडते, आणि एसएमपीएस पंखा थांबवतो. लक्षण तेच. म्हणजे ‘डिस्क जोडली की सगळा कॉम्प्युटर बंद पडतो’ याचा अर्थ डिस्क संपली असा होतोच असे नाही. कित्येकदा त्याचा अर्थ, आतले सामान वाचले आहे असाच असतो. जळलेला डायोड काढून टाकला, तर डिस्क पुन्हा फिरते. तिला संरक्षण उरत नाही, म्हणून पुढे वापरायची नाही. एकदा चांगल्या विजेवर लावून सगळे उतरवून घ्यायचे.

काही जण अशा वेळी तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून हिला लावतात. ते करू नका. आजकालच्या डिस्कमध्ये प्रत्येक बोर्डावरच्या एका चिपमध्ये त्याच डिस्कच्या मोजमापाची माहिती असते, दुसरीला ती चालत नाही.

खडेबाजाराजवळच्या बोळात मोबाईल दुरुस्त करणारा एक मुलगा बसतो. मोबाईलवरचे तांदळाएवढे भाग गरम हवेच्या पिस्तुलाने उचलणाऱ्याला डिस्कवरचा डायोड म्हणजे काहीच नाही. त्याच्याकडे भाऊजींना घेऊन गेले. त्याने मल्टिमीटरची एक सुई ५ व्होल्टच्या पिनेला आणि एक जमिनीच्या पिनेला लावली. मीटरने लांब शिट्टी दिली. १२ च्या वाटेवर शिट्टी नाही. म्हणजे एकच राखणदार पडला होता. “स्वल्प तडीरी, सर,” म्हणून त्याने चिमट्यात तो तुकडा धरला, हवा सोडली आणि उचलून टेबलावर ठेवला. पुन्हा सुया लावल्या. शिट्टी नाही.

त्याच्याकडे हार्डडिस्क बाहेरून जोडायचे डबडे होते, स्वतःच्या अॅडॉप्टरवर चालणारे. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, यूएसबीच्या वायरीतून तेवढी वीज मिळत नाही, म्हणून असे डबडे लागते. बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंद काही नाही, आणि मग तो ओळखीचा, चढत जाणारा घर्रर्र आवाज. मी आयुष्यात पुष्कळ हार्डडिस्कचा आवाज ऐकला आहे आणि त्याला नावे ठेवली आहेत. त्या दिवशी नाही ठेवली.

तिथेच, त्याच्या टेबलावर, आधी अव्वांचे फोल्डर उतरवून घेतले. ३९ फाइली होत्या. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक माझ्या लॅपटॉपवर. विंडोज, नवी डिस्क, वेग वगैरे सगळे नंतर. डिस्क शेवटचे श्वास घेते आहे असे समजून, जे पुन्हा मिळणार नाही ते पहिल्यांदा, हा क्रम मी कोणासाठीही बदलणार नाही. आणि फाइलीचे नाव दिसले म्हणजे फाइल आली असे नाही, म्हणून मुलाने मधलीच एक उघडून लावली. बोळातल्या गर्दीत अव्वा जात्याची घरघर तोंडाने काढत बसल्या होत्या. जाते घरात कधीच नव्हते तेव्हा. मुद्रणाच्या वेळी त्या तशी घरघर काढून मग गात. भाऊजी बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मुलाने तीनशे रुपये घेतले.

जात्यावरच्या ओव्या नीट जपून ठेवल्या जातात त्या काही ठिकाणी, नाही असे नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या कितीतरी आज ‘परी’च्या संग्रहात ऐकायला मिळतात. पण घराघरात ज्या मोबाईलवर घेतल्या गेल्या, त्यांचा सांभाळ एका डिस्कवर आणि एका वायरीवर अवलंबून असतो.

नंतरचे काम आठवड्याने झाले. घरातल्या डबड्यावर डिस्क लावून सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या एसएसडीवर काढली. इथे एक खोच आहे. विंडोज ज्यातून सुरू होते ती पहिली पायरी ‘सी’ भागात नसते. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर ती ‘सिस्टिम रिझर्व्ड’ नावाच्या शंभर ते पाचशे एमबीच्या लहानशा भागात असते, आणि तो भाग ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसतच नाही. पुष्कळ जण फक्त ‘सी’ची नक्कल करतात आणि मग काळ्या पाटीवरची ओळ बघत बसतात. कोणाकोणाचे तर जुनी डिस्क आत असेपर्यंत सगळे छान चालते. ती काढली की बंद. कारण पहिली पायरी जुनीवरच राहिलेली असते. नक्कल पूर्ण डिस्कची काढावी, आणि पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क सोडवून ठेवावी. दोन्ही जुळ्या एकदम दिसल्या, तर विंडोज गोंधळते आणि एकीला बाजूला बसवते. आणखी एक बारकावा: पाचशे जीबीच्या डिस्कची नक्कल ४८० जीबीच्या एसएसडीवर तशीच मावत नाही. आधी जुनीवरचा भाग आकसून घ्यावा लागतो. दुकानात दोन्ही ‘पाचशेच’ म्हणून विकतात.

एवढे करून बटण दाबले. पंखा फिरला, चित्र आले. आणि निळा पडदा, त्यावर उदास चेहरा, खाली ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. भाच्याने कपाळाला हात लावला. मी त्याला म्हटले, आपण पहिल्या पायरीवरून पाचव्यावर आलो, पेढे आण.

इथला दोषी सापडला तो घड्याळावरून. बायोसमध्ये शिरल्यावर तारीख दिसली १ जानेवारी २०१४. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर२०३२. कॉम्प्युटरची पिन काढलेली असते तेव्हा घड्याळ आणि बायोसच्या नेमणुका तो सांभाळतो. अकरा वर्षांत तो कधीच संपून गेला होता, पण पिन सतत भिंतीत असल्याने कोणाला कळले नव्हते. डिस्कच्या भानगडीत आठवडाभर पिन बाहेर राहिली आणि बोर्ड सगळे विसरला. २०१४ मध्ये असेंबल करणाऱ्याने डिस्कशी बोलायची पद्धत ‘आयडीई’ अशी ठेवली होती; बोर्डाची मूळ नेमणूक होती ‘एएचसीआय’. विंडोजला ज्या दाराने आत यायची सवय, ते दार बंद झाले. नवा सेल घातला, तारीख लावली, नेमणूक पुन्हा ‘आयडीई’ केली आणि विंडोज उघडले. एसएसडीला एएचसीआय हीच पद्धत बरी, म्हणून मग विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायला सांगितले, बंद केले, बायोसमध्ये ‘एएचसीआय’ केले आणि सुरू केले. सेफ मोडमध्ये विंडोज आपले आपण नवे दार शोधते. एकदा सापडले की सेफ मोड काढून टाकायचा. एवढ्या लहान कारणासाठी कितीतरी ठिकाणी सगळी डिस्क पुसून नवे विंडोज घातले जाते आणि त्याचे पैसे घेतले जातात.

माझ्या फोनवरचे बाकीचे रुग्ण सोपे निघाले. पंखे चालू पण पडदा काळा, हे दोघांकडे होते. दोन्हीकडे डिस्क बसवताना रॅमला धक्का लागला होता. काढून, सोनेरी कड साध्या खोडरबराने हलकी पुसून, दोन्ही बाजूंचे क्लिप टक् असे वाजेपर्यंत दाबली आणि काम झाले. एकाकडे सगळे जोडले होते, फक्त प्रोसेसरजवळचा चार पिनांचा विजेचा प्लग परत लावायचा राहिला होता. एकाने एम.२ प्रकारची, च्युइंगमच्या पट्टीसारखी एसएसडी आणली होती. तिच्यात दोन जाती असतात, साटा आणि एनव्हीएमई, दिसायला बहिणी-बहिणी. बोर्डाची खाच एकच जात घेत असेल, तर दुसरी बसली तरी दिसत नाही. शिवाय काही बोर्डांवर ही पट्टी बसवली की साटाचे एखादे भोक आपोआप बंद होते, आणि जुनी डिस्क ‘नाहीशी’ होते. तिला शेजारच्या भोकात लावले की परत येते. बोर्डाच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते. पुस्तिका बहुतेक घरांत पहिल्याच वर्षी रद्दीत जाते.

लॅपटॉपवाल्यांना एक सूचना. बायोसमध्ये हात घालण्याआधी बिटलॉकर चालू आहे का ते बघा. असेल, तर बदलानंतर तो ४८ आकडी किल्ली मागतो, आणि ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. त्या खात्याचा पासवर्ड ज्या मुलाने घातला तो आता बंगळूरला नोकरीला असतो.

जुन्या घरांबद्दलही सांगायला हवे. शहापूर-वडगावच्या कितीतरी घरांत अर्थिंग नाही किंवा नावाला आहे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि लोक म्हणतात, ‘करंट मारतोय थोडा, चालायचंच’. एसएमपीएसच्या आत गाळणीचे जे कपॅसिटर असतात, त्यांतून गळणारी वीज जायला जमीन मिळत नाही, म्हणून ती तुमच्या बोटातून जाते. अशा घरात डिस्क उघड्यावर जोडण्याआधी वायरमनला बोलवा. आणि एसएमपीएसचा डबा काहीही झाले तरी उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो.

आता आपल्या दुभाषी घरांचा खास प्रश्न. २००० च्या दशकात घरी आणि दुकानात मराठी टाइप केले ते श्रीलिपीत, कन्नड केले ते बरह किंवा नुडीत. त्यातला बराच मजकूर युनिकोडमध्ये नाही. तो त्या त्या फाँटच्या आकारांवर बसवलेला आहे. डिस्क पुसून नवे विंडोज घातले आणि फाँट परत घातला नाही, तर लग्नपत्रिकेचा मसुदा, भावकीच्या वाटणीचा कागद, सहकारी सोसायटीचा अहवाल, सगळे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसते. लोकांना वाटते फाइल बिघडली. फाइल शाबूत असते, फाँट हरवलेला असतो. म्हणून नक्कल काढताना विंडोजच्या फोल्डरातला ‘फाँट्स’ नावाचा कप्पा वेगळा उतरवून ठेवा. अक्काच्या घरी साड्यांच्या मागणीच्या जुन्या याद्या अशाच होत्या, मराठी पेठांच्या श्रीलिपीत आणि कन्नड गिऱ्हाइकांच्या नुडीत. फाँट घातल्यावर दोन्ही वाचता आल्या. सावकाश त्या युनिकोडमध्ये आणायचे काम भाच्याकडे दिले आहे.

तो कॉम्प्युटर २०१४ चा, त्यामुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही. इंटरनेटवरचे व्यवहार त्यावर करायचे नाहीत असे घरात ठरले. दुकानाचे हिशेब आणि गाणी एवढ्यावर तो चालेल.

जुनी डिस्क, डायोड काढलेली, कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. ती तिसरी प्रत. भाच्याने आता ३९ फाइलींची यादी करायला घेतली आहे: कोणती मराठी, कोणती कन्नड, कोणाच्या लग्नातली, कोणत्या सणाची. बावीस झाल्या. तेविसावीपाशी तो अडकला, कारण तिच्यात पहिली ओळ मराठी आणि दुसरी कन्नड आहे, आणि ती देवनागरीत लिहायची की कन्नड लिपीत, यावर अक्काचे आणि भाऊजींचे अजून जमलेले नाही.